दुपट्यातले मूल

पन्नाशी उलटल्यावर मी लाकूड कोरायला शिकू लागलो. रविवारची सकाळ, शिवणीचा वीतभर ठोकळा आणि शेजारच्या गावातील एका वृद्ध मेस्तांची पडवी. विषय बालरोगतज्ज्ञाला साजेसाच निवडला: मांडीवर तान्हे घेऊन बसलेली माता. चेहरे कसेबसे साधले. दुपट्याच्या चुण्या मात्र मोठ्या हौसेने कोरल्या. बारीक गोल पटाशीने समांतर पन्हळी पाडीत गेलो. मेस्तांनी मूर्ती हाती घेऊन फिरवून पाहिली आणि शांतपणे विचारले, "दोतोर, हांतूंत भुरगें खंय आसा?"

खरोखरच त्यात मूल नव्हते. मी एक गाठोडे सजविले होते.

चुणी ही कापडावर ओढलेली रेघ नव्हे, हे मला त्या दिवशी उमगले. तिला उगमस्थान असते. जेथे कापड अडते (कोपर, गुडघा, मूठ, गाठ) तेथून ती निघते. उगमाशी अरुंद व धारदार, पुढे रुंद होत विरून जाणारी. म्हणूनच दोन चुण्या सहसा समांतर नसतात. जेथे अंग कापडाला आतून रेटते तेथे चुणी नसतेच. तेथे ताण असतो. दोन टोकांना धरलेले कापड मध्ये झोळीसारखे लोंबते. चित्रकलेच्या इंग्रजी पुस्तकांत या प्रकाराला चक्क 'डायपर फोल्ड' म्हणतात! जाड लोकरीच्या चुण्या थोड्या आणि गोलसर, खळीच्या सुती कापडाच्या कोनदार. शिवाय लाकडाचे स्वतःचे म्हणणे असतेच. रेषेला आडवी गेलेली पातळ कड टिचते. म्हणून ती जाड राखून मागून पोखरायची. समोरून पाहणाऱ्याला ती पातळच भासते.

या कलेची परिसीमा मी काही वर्षांपूर्वी फ्लोरेन्सच्या सान्तिस्सिमा अनुन्त्सियाता चर्चमध्ये पाहिली होती. न्यूरेंबर्गचा फाइट श्टोस (मृत्यू १५३३) याने घडविलेली संत रोक यांची ती मूर्ती लाइमवुडची, म्हणजे लिंडन वृक्षाच्या लाकडाची आहे; आपल्या लिंबाशी त्याचा संबंध नाही. तिला रंगही दिलेला नाही. तिची वस्त्रे कागदासारखी पातळ भासतात. वासारीने या मूर्तीची मुक्तकंठाने स्तुती केली. मात्र श्रेय भलत्याच, एका फ्रेंच कारागिराला दिले. संत रोक हे प्लेगग्रस्तांचे संत. मांडीवरचे वस्त्र बाजूला झालेले आणि तेथे गाठ उघडी पडलेली, अशी त्यांची ओळख. (जांघेतील गाठ कलावंतांनी मर्यादेखातर मांडीवर उतरविली असावी.) त्या वेळी मी केवळ चुण्यांकडे पाहत राहिलो. मेस्तांच्या प्रश्नानंतर मात्र ती उघडी मांडी वारंवार आठवू लागली.

कारण तो प्रश्न मला पूर्वीच विचारला जायला हवा होता. निवासी डॉक्टर असताना, मुसळधार पावसाच्या एका रात्री, चार महिन्यांचे एक बाळ आले. अखंड रडत होते. बाळ गारठेल म्हणून आईने दुपटे सोडले नाही, मीही आग्रह धरला नाही. छाती तपासली, दुपट्यावरूनच पोट चाचपले, पोटशूळ ठरवून थेंब लिहून दिले. पहाटे ते हिरव्या उलट्या करीत परतले. आता मी दुपटे सोडले. उजव्या जांघेत अडकलेला हर्निया, घट्ट व लालसर. शस्त्रक्रियेत आतडे वाचले, मूल बरे झाले. त्या माउलीने माझे आभार मानले; ते मला आजही सोसवत नाहीत.

मेस्तांनी दुसरा ठोकळा दिला. या वेळी पेन्सिलीने आधी उघडे मूल आखले: दुमडलेले गुडघे, फुगीर पोट, वळलेल्या मुठी. त्यावर दुपट्यासाठी अर्ध्या बोटाचे लाकूड राखले आणि मगच पटाशी धरली. गुडघ्यांवर कापड ताणले गेले आहे, दोहोंमध्ये एकच खोल झोळ. चुण्या एकूण पाच. डावी टाच दुपट्याबाहेर आली आहे. ती अजून घासायची आहे.