लुसैलची हवा आणि मनाचा पारा

जूनच्या पहिल्या आठवड्यात कतारमधून घरी येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पडला का पाऊस?" विचारणाऱ्याच्या खिडकीबाहेर त्या वेळी चाळिशीपार ऊन असतं आणि पुढचे तीन महिने एक थेंबही पडायची शक्यता जवळपास नसते. दोहाच्या उत्तरेला, समुद्राला लागून, ३८ चौरस किलोमीटर वाळवंटावर वसवलेलं लुसैल हे असं शहर आहे. कतारमध्ये सात लाखांहून जास्त भारतीय राहतात. त्यांतल्या मराठी माणसांना आपल्या अंगात मुरलेलं ऋतूंचं वेळापत्रक इथे पार उलटं झालेलं दिसतं. हवेचा मनाशी काय संबंध, हे समजून घ्यायला म्हणूनच लुसैलइतकी चांगली जागा सापडणं कठीण.

७ जून : तिथे आणि इथे

महाराष्ट्रात ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. पेरणीची लगबग, मातीचा वास, आणि सगळ्या घराला आलेला एक हुरूप. आखातातल्या पारंपरिक पंचांगातही ७ जूनला महत्त्व आहे. त्या दिवशी पहाटे 'थुरैया' म्हणजे आपल्या कृत्तिका दिसू लागतात, असं तिथे मानलं जातं, आणि तिथून खऱ्या उन्हाळ्याची गणती सुरू होते. याच काळात वायव्येकडून 'शमाल' वारा वाहतो, तो इराकच्या बाजूने धूळ घेऊन येतो. आभाळ पिवळट होतं, समोरची इमारत धूसर होते, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. एकाच तारखेला एक मराठी घर दारं-खिडक्या उघडत असतं आणि दुसरं त्या घट्ट लावून घेत असतं. आईला फोनवर "इथे काय, नेहमीचंच" म्हणणाऱ्या मुलाच्या आवाजातली मरगळ बरेचदा या बंद खिडक्यांमधून आलेली असते.

भरपूर उन्हाच्या गावात उजेडाची टंचाई

ऋतूमुळे येणाऱ्या नैराश्याला वैद्यकीय नाव मिळालं ते १९८४ साली. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. रोझेंथाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. तिथल्या उन्हातून ते उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यात गेले आणि दिवस लहान झाले की आपला उत्साह ओसरतो, हे त्यांनी स्वतःवरच अनुभवलं. त्यावर उपाय म्हणून १०,००० लक्सचा झगझगीत दिवा सकाळी समोर ठेवून बसायची पद्धत रुजली.

लुसैलमध्ये डिसेंबरातही दिवस साडेदहा तासांचा असतो, म्हणजे या आजाराचं इथे काही काम नसावं. पण १९८७ मध्ये थॉमस वेर, डेव्हिड सॅक आणि रोझेंथाल यांनीच दुसरा प्रकार नोंदवला. काही जणांना नैराश्य येतं ते उन्हाळ्यात. लक्षणंही वेगळी. हिवाळी उदासीत माणूस जास्त झोपतो, जास्त खातो, सुस्तावतो. उन्हाळी प्रकारात झोप उडते, भूक मरते, आणि जीव बेचैन, चिडचिडा होतो.

लक्सचा हिशेब तर चकित करणारा आहे. भर उन्हात उघड्यावर १,००,००० लक्सपर्यंत उजेड असतो, ऑफिसात किंवा घरात तो साधारण ३०० ते ५००. जुलैमधला लुसैलचा माणूस फ्लॅटमधून लिफ्टने तळघरातल्या पार्किंगला, तिथून गाडीने ऑफिसला, संध्याकाळी मॉलला आणि परत घरी. डोक्यावर जगातलं कडक ऊन, पण डोळ्यांना मिळणारा उजेड एखाद्या ढगाळ देशातल्या माणसाइतकाही नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता कतारमध्ये सर्रास आढळते, त्यामागे हे घरात कोंडून राहणंही आहे. मात्र गोळी घेतली की मन उल्हसित होईल, असं समजू नये. अमेरिकेत १८,००० हून जास्त प्रौढांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये आला : ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी नैराश्य टळलं नाही. हाडांसाठी गोळी जरूर घ्यावी. मनासाठी मात्र सकाळी सूर्य चढायच्या आत बाहेर पडणं, हाच मला जास्त भरवशाचा उपाय वाटतो.

ही धडधड उकाड्याची की काळजीची?

या भागावर जरा जास्त थांबायला हवं, कारण इथे बऱ्याच जणांची फसगत होते. उकाड्यात शरीर काय करतं? कातडीकडे रक्त वळवतं, त्यासाठी हृदयाचे ठोके वाढवतं, घाम काढतं. पाणी कमी पडलं की गरगरतं, छातीत धडधडतं. आता चिंतेचा झटका आठवा : ठोके वाढलेले, घाम फुटलेला, गरगरल्यासारखं. यादी जवळपास तीच. ज्याला आधीच चिंतेचा त्रास आहे, त्याचं मन उन्हातली धडधड पाहून "काहीतरी वाईट होतंय" असा अर्थ लावतं, आणि त्या अर्थानेच खरी भीती सुरू होते. सावलीत बसून, पाणी पिऊन, अंग गार केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटलं, तर मनाला ते सांगून ठेवावं. पुढच्या वेळी उपयोगी पडतं. बरं वाटलं नाही, भान हरपायला लागलं किंवा छातीत दुखलं, तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा.

लुसैल किनाऱ्यावर असल्याने ऑगस्ट-सप्टेंबरात दमटपणाही छळतो. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. समोरच्या सौदी किनाऱ्यावर धहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू, म्हणजे हवेतल्या दमटपणाचं माप, ३५ अंश सेल्सिअस नोंदला गेला. मुंबईच्या भर पावसाळ्यात तो २५ च्या आसपास असतो, तेव्हाच आपण हैराण होतो!

कतारने २०२१ पासून यासाठी कायदा कडक केला. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन, उघड्यावरचं काम बंद. शिवाय तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा असं सगळं मिळून काढलेला 'वेट बल्ब ग्लोब' निर्देशांक ३२.१ च्या वर गेला, तर वेळ कुठलीही असो, काम थांबवायचं. हे चकचकीत शहर ज्या मजुरांनी उभं केलं, त्यांच्यासाठी ही कलमं जिवाची आहेत.

अमेरिकेत २०१० ते २०१९ मधल्या २२ लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अतिउष्ण दिवसांत मानसिक तक्रारींसाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हा अभ्यास २०२२ चा. मानसिक आजाराच्या काही औषधांनी घाम येणं कमी होतं, आणि लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी घटलं तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं, औषध आपल्या मनाने बंद करू नये. कतारमध्ये मानसिक आरोग्याची मदतवाहिनी १६००० या क्रमांकावर आहे, भारतात टेलिमानस १४४१६ वर. दोन्ही क्रमांक फोनमध्ये असू द्या.

१४ मिनिटं

६८ देशांतल्या ४७,००० हून अधिक माणसांच्या मनगटी पट्ट्यांवरून झोपेचा हिशेब काढला गेला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्रीचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं की झोप सरासरी १४ मिनिटांनी घटते. एका रात्रीचं काही वाटणार नाही. पण लुसैलमध्ये उन्हाळ्यात रात्रीमागून रात्री पारा तिशीखाली उतरत नाही. एसी नसता तर इथे कुणाचंच मन ताळ्यावर राहिलं नसतं. बोस्टनमध्ये २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत हार्वर्डच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांची रोज सकाळी चाचणी घेतली. बिनएसीच्या खोलीत झोपलेली तरुण, धडधाकट मुलं उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ घेत होती.

हॉर्न ओके प्लीज

अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये एक गंमतशीर प्रयोग झाला, तो १९८६ मध्ये छापून आला. हिरवा दिवा लागला तरी एक गाडी मुद्दाम हलायची नाही. मागचे लोक कधी आणि किती हॉर्न वाजवतात, ते मोजायचं. पारा चढला तसे हॉर्न वाढले, आणि ज्यांच्या काचा खाली होत्या, म्हणजे बहुधा एसी नव्हता, त्यांचे सर्वांत जास्त. मे महिन्यातल्या दादरच्या टिळक पुलावर हे कुणालाही सिद्ध करून दाखवता येईल.

चालकही हरले

लुसैलच्या सर्किटवर मोटारसायकलींची मोटोजीपी शर्यत २००४ पासून होते आणि २००८ पासून ती रात्री, दिव्यांच्या उजेडात. २००९ मध्ये तर वाळवंटात नेमका शर्यतीच्या रविवारी पाऊस आला! ओल्या रस्त्यावर दिव्यांची तिरीप धोक्याची, म्हणून शर्यत सोमवारवर ढकलावी लागली.

खरी कसोटी मात्र ८ ऑक्टोबर २०२३ ला लागली. फॉर्म्युला वनची शर्यत रात्रीची असूनही उकाडा आणि दमटपणा असह्य होता. एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, तरी त्याने शर्यत पुरी केली. लोगन सार्जंटला अर्ध्यावर सोडावी लागली. जॉर्ज रसेलने सांगितलं की तो शुद्ध हरपायच्या बेतात होता. ही जगातली सर्वांत तंदुरुस्त, सर्वांत थंड डोक्याची माणसं. पुढच्या वर्षी ही शर्यत १ डिसेंबरला ठेवली गेली. फुटबॉलचा विश्वचषक हवेमुळेच जून-जुलै सोडून नोव्हेंबर-डिसेंबरात खेळला गेला, हे आता सर्वांना ठाऊक आहे. १८ डिसेंबर २०२२ ला लुसैलच्या स्टेडियममध्ये मेस्सीने चषक उचलला, तो कतारचा राष्ट्रीय दिनही होता.

तुम्ही चौघांपैकी कोण?

हवेचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. नेदरलँड्समधली किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या आया यांच्या रोजच्या नोंदी तपासून २०११ मध्ये चार गट सांगितले गेले : उन्हाळा आवडणारे, उन्हाळा नकोसा होणारे, पावसाने खट्टू होणारे, आणि ज्यांना काहीच फरक पडत नाही असे. पावसाने खट्टू होणारे आपल्या गावी विरळाच असावेत, असं मला वाटतं. कांदाभजी तळायला निमित्त देणाऱ्या हवेवर कोण रुसेल!

त्याहून मजेशीर प्रयोग १९८३ चा. नॉर्बर्ट श्वार्झ आणि जेराल्ड क्लोर यांनी लोकांना फोन करून विचारलं, "आयुष्य कसं चाललंय?" ऊन पडलेल्या दिवशी लोक जास्त समाधानी, पावसाळी दिवशी कमी. पण फोनवर आधी "तुमच्याकडे हवा कशी आहे?" एवढंच विचारलं, तर हा फरक नाहीसा झाला. मळभ बाहेर आहे, आयुष्यात नाही, हे लक्षात यायला तो एक प्रश्न पुरला. पुढे २०१३ मध्ये दहा लाखांहून जास्त अमेरिकनांच्या उत्तरांत असा ठाम परिणाम सापडला नाही. म्हणजे हवा आपलं आयुष्यभराचं समाधान हिरावून घेत नाही. ती झोप घेते, फिरणं घेते, चार माणसांत मिसळणं घेते, आणि चिडचिड तिथून सुरू होते.

सुहैल दिसला!

२४ ऑगस्टच्या सुमारास आखातात एक बातमी दरवर्षी छापून येते : 'सुहैल' तारा उगवला. उकाडा लगेच जात नाही, पण त्याला उतार लागल्याची ही खूण, आणि लोकांचे चेहरे तेवढ्यानेही खुलतात. हा तारा आपल्या ओळखीचाच आहे. आकाशातला व्याधानंतरचा सर्वांत तेजस्वी, अगस्त्य. त्याचा उदय झाला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं, असं आपल्याकडे परंपरेने मानतात.

मग ऑक्टोबरपासून लुसैल घराबाहेर येतं. समुद्रकाठची वाट, बुलेव्हार्डवरची गर्दी, मुलांच्या सायकली. फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार तर २०१२ पासून देशाचा क्रीडा दिन, सार्वजनिक सुट्टी, व्यायामासाठी! दोहात उम्म अल सनीम बागेत एक किलोमीटरहून लांब वातानुकूलित धावपट्टीही आहे, म्हणजे उन्हाळ्यातही पाय थांबायला नकोत.

पावसाचे पाहुणे

जून ते सप्टेंबर ओमानच्या सलालाहवर मोसमी वाऱ्यांची रिमझिम होते, डोंगर हिरवे होतात, आणि आखातभरची कुटुंबं गाड्या घेऊन तिथे पोचतात. त्याआधी कित्येक वर्षं हा मान मुंबईचा होता. जुलै-ऑगस्टमध्ये कुलाब्याची हॉटेलं अरब पाहुण्यांनी भरायची. मरीन ड्राइव्हच्या लाटा आणि पाऊस अंगावर घ्यायला ते मुद्दाम येत. पण मुंबईचा हाच पाऊस भेडसावतोही : २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. कतारमध्ये वर्षाला सरासरी ७५ मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे हा त्यांचा बारा वर्षांचा पाऊस. तो दिवस भोगलेल्या अनेक मुंबईकरांना आजही सलग चार तास धो-धो पडला की घरची माणसं कुठवर पोचली याची काळजी लागते. आणि लुसैलमध्ये नोव्हेंबरात पाच मिनिटांची सर आली तरी मराठी घरांतले लोक व्हिडिओ कॉल लावून गावाकडे दाखवतात : "बघ, इथेही पडतोय!"