हलके फ्लायव्हील

हलके फ्लायव्हील हा मोटारगाडीच्या इंजिनाला मूळ फ्लायव्हीलऐवजी बसवला जाणारा कमी वजनाचा भाग आहे. फ्लायव्हीलला मराठीत प्रचक्र असेही म्हणतात. इंजिनाचे फेरे लवकर वाढावेत व लवकर उतरावेत यासाठी शर्यतीच्या व वेगवान गाड्यांमध्ये हा बदल केला जातो. त्यामुळे इंजिनाची अश्वशक्ती वाढत नाही. चक्राचा वेग वाढवण्यात खर्च होणारी शक्ती मात्र वाचते.

कार्य

फ्लायव्हील क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडील टोकाला जोडलेले असते. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक दट्ट्याला चारपैकी एकाच धावेत ज्वलनाचा जोर मिळतो. त्या धावेतील काही ऊर्जा साठवून इतर धावांच्या वेळी परत देणे व फिरणे सम ठेवणे हे फ्लायव्हीलचे मुख्य काम होय. क्लचची तबकडी त्याच्याच पृष्ठभागावर दाबली जाते आणि त्याच्या कडेवरील दातेरी कड्याद्वारे स्टार्टर मोटर इंजिन सुरू करते.

वेगवाढीवरील परिणाम

फिरत्या वस्तूची गती बदलण्यास होणारा विरोध तिच्या निरूढी परिबलावर अवलंबून असतो. हे परिबल वस्तुमानाच्या, तसेच आसापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मध्याजवळील वजनापेक्षा कडेजवळील तेवढेच वजन कमी केल्यास अधिक फरक पडतो.

गाडीच्या वेगवाढीत फ्लायव्हीलचा विरोध एकूण गिअर गुणोत्तराच्या वर्गाच्या पटीत जाणवतो. उदाहरणार्थ, १४ सेंमी त्रिज्येची, सर्वत्र सारख्या जाडीची १० किग्रॅ वजनाची तबकडी घेतली, पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर १४ व चाकाची त्रिज्या ३० सेंमी मानली, तर वेग वाढवताना ती तबकडी गाडीवर ठेवलेल्या सुमारे २१३ किग्रॅ ओझ्याइतकी भासते. तिच्या जागी त्याच त्रिज्येची ५ किग्रॅची तबकडी बसवल्यास सुमारे १०७ किग्रॅ ओझे वाचल्यासारखे होते. वरच्या गिअरचे एकूण गुणोत्तर ३.२ असल्यास हीच बचत ६ किग्रॅहूनही कमी भरते. त्यामुळे लाभ मुख्यतः खालच्या गिअरमध्ये दिसतो. कमाल वेगावर किंवा स्थिर वेगाने जाताना त्याचा उपयोग होत नाही.

पदार्थ

मूळ फ्लायव्हील बहुधा बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. हलकी चक्रे क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची करतात. ॲल्युमिनियम मऊ असल्याने क्लच घासतो तेथे पोलादी तबकडी व कडेला पोलादी दातेरी कडे बसवावे लागते.

मर्यादा

साठवलेली ऊर्जा कमी झाल्याने गाडी जागेवरून हलवताना इंजिन बंद पडण्याचा संभव वाढतो. चढावर व गर्दीत हे अधिक जाणवते. इंजिन निष्क्रिय वेगावर थरथरते. गिअर सावकाश बदलल्यास फेरे गरजेपेक्षा खाली जातात व पुढचा गिअर पडताना गाडीला हिसका बसतो. ड्रॅग शर्यतीत सुटतानाचा जोर महत्त्वाचा असल्याने काही वेळा मुद्दाम जड चक्र वापरतात.

अनेक आधुनिक गाड्यांत स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांचे द्विवस्तुमान फ्लायव्हील असते. ते इंजिनाची पिळाची कंपने शोषते. त्याऐवजी एकसंध हलके चक्र बसवल्यास ती कंपने गिअरबॉक्सपर्यंत पोहोचून खडखडाट ऐकू येतो. इंजिनाचा नियंत्रक संगणक क्रँकशाफ्टच्या वेगातील चढउतारांवरून ज्वलन चुकल्याचे ओळखतो. हे चढउतार वाढल्याने काही गाड्यांत दोषाची चुकीची सूचना मिळते.

सुरक्षितता

फिरत्या चक्रातील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट झाल्यास ताण चौपट होतो. बीड ताणाखाली ठिसूळपणे तुटते. म्हणून मूळ बिडाचे चक्र लेथवर कातून पातळ करणे धोक्याचे ठरते. अतिवेगात चक्र फुटल्यास त्याचे तुकडे क्लचचे आवरण व गाडीचा पत्रा भेदून माणसांना इजा करू शकतात. अमेरिकेतील एसएफआय फाउंडेशनचे १.१ हे मानक पर्यायी फ्लायव्हील व क्लच यांच्यासाठी आहे. नवे चक्र बसवण्यापूर्वी त्याचा तोल यंत्रावर तपासणे आवश्यक असते.

वापर

काही उत्पादक अशी चक्रे कारखान्यातूनच देतात. पोर्शेच्या २०१६ मधील ९११ आर या गाडीत एकसंध हलके फ्लायव्हील ऐच्छिक होते. दैनंदिन वापराच्या गाड्यांमध्ये मात्र सुरळीत चालण्याला प्राधान्य असल्याने सामान्यतः जड किंवा द्विवस्तुमान चक्रच वापरले जाते.