साकुबेई यामामोतो

साकुबेई यामामोतो (१७ मे १८९२ – १९ डिसेंबर १९८४) हे जपानच्या क्यूशू बेटावरील चिकुहो कोळसाक्षेत्रातील खाणकामगार व स्वयंशिक्षित चित्रकार होते. सुमारे पन्नास वर्षे खाणीत राबल्यानंतर, साठी उलटल्यावर त्यांनी हाती कुंचला घेतला आणि लयाला चाललेले कामगारांचे जग स्मरणातून कागदावर उतरवले. त्यांच्या संग्रहाचा २०११ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश झाला. असा मान मिळालेला हा जपानमधील पहिलाच संग्रह होय.

जीवन

त्यांचे वडील ओंगा नदीतून कोळसा वाहून नेणारे नावाडी होते. रेल्वे आली तसा नावाड्यांचा धंदा बसला आणि कुटुंब खाणीच्या आश्रयाला आले. साकुबेई सात-आठ वर्षांचे असतानाच आईवडिलांच्या मदतीला खाणीत उतरू लागले. शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडे गेले नाही. पुढे त्यांनी चिकुहोतील अनेक लहानमोठ्या खाणींत काम केले. १९५५ मध्ये ते काम करीत असलेली खाण बंद पडली. त्यानंतर ते एका खाणीच्या कचेरीवर रात्रीचे पहारेकरी झाले. थोरला मुलगा युद्धात गेला होता. रात्रीच्या एकांतात ते दुःख मनात दाटून येई, आणि तेव्हाच चित्रांना आरंभ झाला. आपण कसे जगलो हे नातवंडांना कळावे, एवढाच हेतू होता. प्रारंभीची चित्रे काळ्या शाईची असून पुढे ते जलरंगांकडे वळले.

चित्रांचा विषय

जुन्या खाणींत बहुधा नवराबायको जोडीने काम करीत. नवरा अरुंद थरात कुशीवर पडून टिकावाने कोळसा फोडी. बायको तो टोपल्यांतून किंवा घसरगाडीवरून उताराच्या भुयारातून वाहून नेई. भरलेली गाडी उतारावर आपल्याच अंगाने अडवून धरणारी स्त्री त्यांच्या चित्रांत अनेकदा दिसते. स्त्रियांच्या भूगर्भातील कामावर १९२८ च्या नियमांनी बंदी घातली व ती १९३३ पासून अमलात आली. त्यामुळे पुढच्या पिढीला हे दृश्य ऐकूनही खरे वाटले नसते.

भुयारांइतकेच लक्ष त्यांनी वस्तीकडे दिले आहे. बराकींतील संसार, स्त्रीपुरुषांची सामायिक स्नानगृहे, गोंदवलेली अंगे, फेरीवाले, मुलांचे खेळ, १९१८ चे तांदळाचे दंगे हे सारे त्यांत येते. खाणीत शीळ घालू नये यांसारखे निषेध आणि भाजलेल्या कामगाराकडे माणसाच्या वेषात येणाऱ्या कोल्ह्यांची दंतकथाही येते. मुकादमांनी कामगारांना दिलेल्या क्रूर शिक्षाही त्यांनी वगळल्या नाहीत. गतकाळाच्या गोड आठवणी एवढ्यापुरते हे काम मर्यादित राहत नाही, ते यामुळेच.

प्रत्येक चित्राच्या रिकाम्या जागेत त्यांनी बारीक अक्षरांत माहिती लिहिली आहे: अवजाराचे नाव, त्याचा वापर, त्या काळची मजुरी वा भाव, क्वचित कामगारांच्या गाण्याच्या ओळीही. चित्राइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, मोल या टिपांना आहे. चित्रकलेच्या शास्त्रीय कसोट्यांवर आकृत्या साध्याच ठरतात. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडातील भुयारही त्यांच्या कागदावर स्वच्छ, उजळ दिसते. परंतु अवजाराची मूठ कोठे धरावी, पाय कोठे रोवावा यांत मात्र तपशील काटेकोर आहे. तो हात त्या कामाने तयार झालेला होता.

प्रसिद्धी व संग्रह

१९६३ मध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले पुस्तक निघाले व १९६७ मधील दुसऱ्या पुस्तकाने ते देशभर परिचित झाले. याच सुमारास जपान कोळशाकडून खनिज तेलाकडे वळत होता. एके काळी देशाचा जवळपास निम्मा कोळसा पुरवणाऱ्या चिकुहोतील खाणी भराभर मिटत गेल्या आणि १९७६ पर्यंत सर्व बंद झाल्या.

युनेस्कोने नोंदलेल्या ६९७ वस्तूंत ५८९ चित्रे असून उरलेल्यांत रोजनिश्या, टिपणवह्या व हस्तलिखिते आहेत. त्यांतील बहुतेक चित्रे तागावा शहराच्या कोळसा-इतिहास संग्रहालयात जतन केली आहेत. हे संग्रहालय मित्सुई कंपनीच्या जुन्या खाणीच्या जागेवर असून तेथील दोन उंच धुराडी व पाळण्याचा लोखंडी मनोरा अद्याप उभा आहे.