सायलेन्सरच्या आधीचे काम

पनवेलमधील गाडी एरवी घर ते रेल्वे स्थानक एवढेच दोन-तीन किलोमीटर धावते आणि एखाद्या रविवारी कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागून बोरघाट चढते. या दोन प्रवासांत तिची एक्झॉस्ट यंत्रणा सारखी तापत नाही, आणि धूर कितपत निर्विष होऊन बाहेर पडेल हे बव्हंशी त्या तापण्यावरच ठरते.

सिलिंडरांतून निघालेला जळका वायू प्रथम मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सर्व सिलिंडरांच्या नळ्या एकत्र आणणाऱ्या जोडनळीत येतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि हिमोग्लोबिनची त्याच्याकडील ओढ प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट असते. म्हणूनच या मार्गावरील गळका सांधा ही केवळ आवाजाची तक्रार मानता येत नाही.

खरे शुद्धीकरण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये होते. मधाच्या पोळ्यासारख्या सूक्ष्म छिद्रांच्या सिरॅमिक ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. हे धातू स्वतः खर्ची न पडता कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये, न जळलेल्या इंधनाचे कार्बन डायऑक्साइड व वाफेत आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर घडवतात. मात्र सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान गाठेपर्यंत हे काम नीट सुरूच होत नाही, आणि स्थानकापर्यंतच्या फेरीचा बराचसा भाग तेवढ्यातच सरतो. पेट्रोलमधील शिसे या धातूंवर बसून त्यांना निकामी करत असल्याने १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा होताना शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करून द्यावे लागले.

शेवटी येणारा सायलेन्सर ध्वनिलहरींना कप्प्यांतून फिरवून एकमेकींवर आदळवतो व आवाज शमवतो. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तेवढेच पाणी तयार होते. सायलेन्सर पुरेसा तापला नाही तर ते आतच साचते आणि पत्रा आतून गंजू लागतो. सकाळी नळीतून टपकणारे थेंब हे तेच पाणी असते, बिघाड नव्हे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी सर्रास आली असून तीत साठलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान लागते. केवळ शहरात फिरणाऱ्या गाडीत ती तुंबते आणि चालकासमोर इशाऱ्याचा दिवा लागतो. अशा वेळी द्रुतगती मार्गावर काही वेळ सलग, एका वेगाने गाडी चालवल्यास तो बहुधा विझतो, आणि तरीही न विझल्यास गाळणी काढून टाकण्याचा सल्ला न ऐकता तिची तपासणी करून घेणे आवश्यक असते.