किल्ली ज्याची त्याच्या खिशात

उधारीच्या वहीत काय नसते? कोणाच्या शेतात यंदा तूर आहे आणि कोणाच्या सोयाबीन, कोणाच्या पोरीचे लग्न ठरले म्हणून मागची बाकी पुढे ढकलली, कोणी दिवाळीला निम्मे दिले आणि कोणी तोंड चुकवले, हे सारे तिथे असते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात आमचे जानेफळ. तिथे आमचे बी-बियाण्यांचे आणि खतांचे दुकान आहे. मृग लागला की शेतकरी बियाण्याच्या पिशव्या आणि खताची पोती उधारीवर नेतो आणि माल घरी येऊन विकला गेला की हिशेब फिटतो. मधल्या पाच-सहा महिन्यांत सारे गाव त्या वहीत असते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात बुलढाणा होता, एवढे सांगितले म्हणजे या वहीचे वजन वाचकांच्या लक्षात येईल. वही बाहेर फुटली तर दुकानदाराचा पैसा बुडत नाही; माणसाची अब्रू जाते.

वडिलांच्या काळी ही वही लाल कापडात बांधून लोखंडी कपाटात असे. कपाटाची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात आणि दुसरी दिवाणजींकडे. तिसरी नव्हतीच. आता वही संगणकात गेली आहे आणि किल्लीचा प्रश्न एकदम अवघड झाला आहे. कारण वही पाहणारी माणसे जानेफळात राहत नाहीत. दुकान धाकटा भाऊ चालवतो, पण १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर विवरणपत्रे भरण्याचे काम अकोल्याला असलेल्या बहिणीने अंगावर घेतले. पुतण्या पुण्यात संगणकाच्या नोकरीत. मी नागपूरला, निवृत्त, म्हणून घरातले सगळे जास्तीचे काम माझ्याकडे.

मग काय व्हायचे? रोज रात्री भाऊ हिशेबाची अख्खी फाइल मोबाइलवरून सगळ्यांना पाठवायचा. म्हणजे चारशे घरांची उधारी पाच-सहा फोनांत, आणि त्या फोनांवर खेळणाऱ्या नातवंडांच्या हातात. एका ओळखीच्या माणसाने याहून सोपा उपाय सुचवला होता. दुकानातला संगणक सरळ इंटरनेटवरून उघडता येईल असा करून टाका आणि एक पासवर्ड लावा, म्हणे! हे म्हणजे रात्री शटर वर ठेवून गल्ल्यावर नुसती चिठ्ठी लावण्यासारखे आहे. इंटरनेटवर अहोरात्र दारे ठोठावत फिरणारी यंत्रे असतात. त्यांना जानेफळ ठाऊक नसते, मेहकर ठाऊक नसते. त्यांना फक्त उघडे दार कळते.

पुतण्याने सुचवला तो उपाय व्हीपीएनचा. शब्दशः अर्थ करायचा तर ‘आभासी खासगी जाळे’. पण मला भुयार हा शब्द जास्त आवडतो. आपल्याकडे प्रत्येक गढीखालून एक भुयार जात असल्याची दंतकथा असतेच. वर सगळ्यांचा रस्ता, खाली आपला. इथेही तसेच. निरोप जातो सार्वजनिक इंटरनेटवरूनच, पण असा गुंडाळून की वाटेतल्या कोणाला तो वाचता येऊ नये आणि भुयाराच्या तोंडाशी अनोळखी माणसाला दारही दिसू नये.

ही कल्पना काही कालची नाही. १९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये गुरदीपसिंग पाल या भारतीय वंशाच्या तंत्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशी एक पद्धत बसवली. ती आज असुरक्षित मानली जाते. २००१ मध्ये जेम्स योनान याने ‘ओपनव्हीपीएन’ काढले. मध्य आशियात फिरताना परक्या देशांतल्या तारांवरून आपल्या कार्यालयाशी जोडावे लागत असल्याने त्याला हा विचार सुचला, असे त्यानेच सांगितले आहे. आमच्या घरात वापरले ते मात्र तिसरे, जेसन डोनेनफेल्डचे ‘वायरगार्ड’. २९ मार्च २०२० रोजी निघालेल्या लिनक्सच्या ५.६ आवृत्तीच्या गाभ्यात ते पहिल्यांदा सामील झाले. तारीख नीट पाहा. देशभर टाळेबंदी लागून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. त्याच दिवसांत आमचा पुतण्या पुण्याहून कंपनीचा लॅपटॉप घेऊन जानेफळला आला आणि गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, जिथे रेंज मिळे तिथे सतरंजी टाकून बसला. त्याच महिन्याच्या १३ तारखेला दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना घरून काम करू देण्याच्या अटी सैल केल्या होत्या, अनामत रक्कम आणि करारनाम्याची अट बाजूला ठेवली होती. विदर्भाच्या खेड्यांतली किती तरी मुले त्या उन्हाळ्यात अशा भुयारांतून पुण्या-बंगळूरच्या कचेऱ्यांत जात-येत होती. आई-वडिलांना वाटे, पोरगा गच्चीवर बसला आहे.

दुकानाचे भुयार त्याने नंतर खोदले. खोदले म्हणजे काय केले, तर काही फाइली लिहिल्या. मी शेजारी बसून पाहत होतो. मला वाटले होते, पडद्यावर काही अगम्य धावत सुटेल. प्रत्यक्षात एकेक फाइल बारा-पंधरा ओळींची. लग्नाच्या याद्या याहून लांब असतात. या फाइलीला ‘कॉन्फिगरेशन’ म्हणतात. तिच्यात एवढेच लिहिलेले असते की मी कोण, माझा क्रमांक काय, पलीकडे कोण आहे, तो कुठे भेटेल आणि त्याच्याशी काय काय बोलायचे.

यातला ‘मी कोण’ हा भाग समजून घेण्याजोगा आहे. प्रत्येकाची किल्ली दोन भागांची असते. एक गुप्त, दुसरी जाहीर. गुप्त किल्लीवरून जाहीर किल्ली क्षणात निघते. उलटे मात्र जमत नाही. हळदीत चुना मिसळला की कुंकू होते, पण कुंकवातून हळद वेगळी काढून दाखवा बरे! डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ साली ही वाट जगापुढे मांडली. माझी जाहीर किल्ली तुमच्याकडे आणि तुमची माझ्याकडे असली, की आपापल्या गुप्त किल्लीच्या मदतीने आपण दोघे एकच समान गुपित तयार करतो, आणि ते गुपित रस्त्यावरून कधी जातच नाही. वायरगार्डची किल्ली म्हणजे चव्वेचाळीस चिन्हांची एक ओळ, शेवटी नेहमी बरोबरचे चिन्ह.

भुयाराचे मधले ठाणे, म्हणजे सर्व्हर, मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतला. दुकानातच का नाही? कारण आमच्यासारख्या पुष्कळ जोडण्यांना इंटरनेटवर स्वतःचा पत्ता नसतो. एका पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइके बसवलेली असतात. बाहेरून कोणी आत हाक मारू शकत नाही. म्हणून दुकानाचा संगणकच मुंबईला हाक मारतो आणि दर २५ सेकंदांनी ‘मी आहे’ म्हणून खाकरतो, नाहीतर वाटेतली यंत्रे त्याला विसरतात. (अशा भाड्याच्या सर्व्हरसाठी नाव-पत्ता खरा द्यावा लागतो. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार ही माहिती पाच वर्षे जपायची असते. त्या आदेशावरून एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या विदेशी कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हर हलवले. जाहिरातीत दिसते ते ‘नाव लपवण्याचे’ व्हीपीएन ते हे. आम्हाला नाव लपवायचे नव्हते; नाव सांगूनच आत यायचे होते.)

सर्व्हरच्या फाइलीत वर त्याची स्वतःची गुप्त किल्ली आणि मग खाली एकेका माणसाचा परिच्छेद, त्यात त्या माणसाची जाहीर किल्ली आणि त्याला दिलेला क्रमांक. १०.२०.३०.२ दुकान, ३ भाऊ, ४ बहीण, ५ दिवाणजी, ६ मी. ‘१०’ने सुरू होणारे हे क्रमांक घरगुती वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, बाहेर त्यांना अर्थ नाही, जसे आपल्या घराबाहेर ‘माजघर’ म्हटल्याने कोणाला पत्ता सापडत नाही. माणसाच्या फाइलीत याचा आरसा असतो. त्याची गुप्त किल्ली, सर्व्हरची जाहीर किल्ली, सर्व्हरचा पत्ता, आणि भुयारातून काय पाठवायचे त्याची मर्यादा. पुतण्याने ती मर्यादा दुकानापुरतीच ठेवली. बहिणीच्या मालिका आणि माझी नाट्यगीते भुयारातून नेण्याचे कारण नव्हते.

आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्या फाइली एका दमात बनवणाऱ्या तयार आज्ञावल्या मिळतात. माणसाचे नाव टाका, कळ दाबा, सर्व्हरचा परिच्छेदही तयार आणि माणसाची फाइलही तयार. सोय मोठी आहे, नाही असे नाही. पण त्यात सर्वांच्या गुप्त किल्ल्या एकाच ठिकाणी बनतात, बहुधा तिथेच पडून राहतात, आणि मग फाइल पाठवायची कशी? तर पुन्हा मोबाइलवरून, त्याच गटात, जिथे उधारीची वही फिरत होती! कुलूप आणून किल्ली चावडीवर टांगण्याचाच हा प्रकार. माझे मत विचाराल तर व्हीपीएनमधली अर्धी सुरक्षितता गणितात आहे आणि उरलेली अर्धी फाइल कोणी, कुठे बसून बनवली यात आहे.

पुतण्याने वेळ लागला तरी दुसरी पद्धत धरली. मोबाइलमधल्या वायरगार्डला स्वतःची किल्ली स्वतः बनवता येते. प्रत्येकाने आपापल्या फोनात ती बनवावी, गुप्त भाग फोनाबाहेर काढूच नये आणि जाहीर भाग तेवढा पाठवावा. जाहीर भाग चोरीला गेला तरी बिघडत नाही. बिघडते ते वाटेत कोणी बदलून आपला घुसवला तर. म्हणून अकोल्याहून बहिणीने फोनवर आपल्या किल्लीची पहिली आणि शेवटची काही चिन्हे वाचून दाखवली. “मोठा के, सात, लहान क्यू...” असे ती म्हणत होती आणि इकडे पुतण्या बोट ठेवून तपासत होता. वहिनींना वाटले, नणंद चष्म्याचा नंबर काढते आहे. दिवाणजींना हे जमेना, तेव्हा त्यांची फाइल समोर बसवून बनवली, पडद्यावर क्यूआर चौकोन उमटवला, त्यांच्या फोनाने तो टिपला आणि लगेच मूळ फाइल पुसून टाकली.

दोन नियम त्याने वहीत लिहून दिले. एक फाइल, एक यंत्र. तीच फाइल दोन फोनांत टाकली तर सर्व्हर शेवटी बोलला त्यालाच उत्तर देतो आणि दोघेही अडखळतात. दुसरा, एक क्रमांक दोघांना नाही. दिला तर नंतरचा आधीच्याचा हक्क घेतो. आणखी एक खोड अनुभवाने कळली. चूक असली की वायरगार्ड तक्रार करत नाही, गप्प बसतो. अनोळखी माणसाला दारच दिसू नये म्हणून ती योजना आहे, पण आपलाच माणूस बाहेर राहिला की डोके फिरते. एकदा पावसाळ्यात वीज गेली, परत आली, आणि भुयार बंद. केबल, राउटर सगळे पाहून झाले. शेवटी पाहिले तर दुकानाच्या संगणकातला छोटा सेल संपून त्याची तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. जुन्या तारखेची हाक म्हणजे कोणी जुना निरोप पुन्हा वाजवतो आहे, असे समजून सर्व्हर ती ऐकत नव्हता. सेल बदलला, तारीख लावली, दार उघडले.

यंत्राचे प्रश्न असे सुटतात. माणसाचा प्रश्न गेल्या वर्षी आला. दिवाणजी एकवीस वर्षांनंतर दुकान सोडून गेले. भांडण नव्हते. मुलगा मेहकरला स्थायिक झाला, तिथेच एका दुकानात त्यांना काम मिळाले; खतांच्याच. त्या रात्री पुतण्याने त्यांचा परिच्छेद काढायचा विषय काढला आणि भाऊ उखडला.

“एकवीस वर्सं झाले त्याले आपल्या गादीवर. आता त्याले चोर म्हनू काय?”

“चोर कोनी नाही म्हनत, बाबा. पन ते फाइल त्याच्या फोनात हाय, अन् फोन दिवसभर त्याच्या नातवाच्या हातात असते.”

“मंग फोनच मांग त्याले.”

“फोन कायले पाह्यजे? इकूनच चार ओळी काढल्या का झालं.”

भाऊ माझ्याकडे पाहू लागला. लोखंडी कपाटाची किल्ली असती तर दिवाणजींनी ती स्वतःहून गल्ल्यावर ठेवली असती, आपण नको नको म्हटले असते, आणि दोन्ही बाजूंचा मान राहिला असता. इथे तसा प्रसंगच नाही. सर्व्हरच्या फाइलीतून परिच्छेद गेला की त्यांच्या फोनातली किल्ली जागच्या जागी निकामी होते. त्यांना कळतही नाही. मी एवढेच म्हणालो, की वहीतल्या चारशे माणसांना विचारले असते तर ते काय म्हणाले असते? आणि काढण्याआधी दिवाणजींना सांगा. भावाने ‘सांगतो’ म्हटले, चार ओळी काढू दिल्या, आणि सांगायचे मात्र त्याच्याने झाले नाही.

दसऱ्याला सोने द्यायला दिवाणजी दुकानात आले. मी तिथेच होतो. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून फोन काढून भावापुढे ठेवला. “दादा, ते तुमचं भुयार काढून टाका याच्यातून. आता मले त्याचं काय काम?”

भाऊ काही बोलेना. पुतण्याच म्हणाला, “काका, ते तुमी गेले त्याच रातीले बंद केलं.”

दिवाणजींनी मान हलवली. थोडा वेळ ते नव्याने कामाला लागलेल्या, बी.कॉम. झालेल्या मुलीच्या टेबलाकडे पाहत राहिले.

“माया नंबर इले देला काय?”

“नाही. तिचा नऊ हाय.” पुतण्याने वही उघडून दाखवली. पाच क्रमांकापुढे दिवाणजींचे नाव, रुजू झाल्याची आणि गेल्याची तारीख, आणि पुढचा रकाना कोरा. “पाच कोनालेच नाही दिला.”

दिवाणजींनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि गेल्याची तारीख एक दिवसाने चुकली आहे, असे दाखवून दिले.