फोनच्या आतला पन्हळी पत्रा

स्वारगेट एसटी स्टँडवर उभे असता तेव्हा तुमच्याभोवती कितीतरी मोबाईल, वाय-फाय, ब्लूटूथच्या लहरी एकाच वेळी फिरत असतात. मग फोन हवी तीच फ्रिक्वेन्सी कशी पकडतो? मी सॉफ्टवेअरवाला, पण यामागची एक युक्ती मला भारी वाटते.

धातूच्या नळीच्या दोन्ही टोकांना आतून पन्हळी पत्र्यासारख्या वळ्या पाडतात. प्रत्येक वळीवरून लहर थोडीशीच मागे फिरते. पण दोन वळ्यांतलं अंतर लहरीच्या लांबीच्या निम्मं असेल, तर परतणाऱ्या सगळ्या लहरी एका तालात येतात आणि त्यांची बेरीज होते. तीच फ्रिक्वेन्सी आत ये-जा करत टिकते, बाकीच्या निसटतात. हाच रेझोनेटर.

२.४ गिगाहर्ट्झची लहर हवेत साधारण १२.५ सेंटिमीटर लांब. एवढी नळी खिशात कशी मावणार? म्हणून फोनमधले काही फिल्टर सिग्नलचं रूपांतर स्फटिकावरच्या ध्वनिलहरीत करतात. ती सेकंदाला साधारण ४ किलोमीटरच धावते, त्यामुळे लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात येते. तिथेही दोन टोकांना धातूच्या बारीक पट्ट्या, अंतर पुन्हा निम्मंच!

आता सांगा, कव्हरला चिकटवलेला ‘सिग्नल बूस्टर’ स्टिकर यात काय करणार? पैसे वाचवा.