विमानाचें इंधन, तरुणांच्या कल्पना आणि शेतकऱ्याची जमीन

आमच्या मासिकांत विमानाविषयीं लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. ज्याला खताच्या गोणीची आणि उसाच्या तोडीची विवंचना आहे, त्याला आकाशांतल्या वाहनाशीं काय कर्तव्य, असा प्रश्न कोणीही सहज करील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आरंभींच देणें उचित होय. विमान उडतें तें आकाशांत खरें. परंतु त्याच्या धुराचा भार ज्या हवेवर पडतो, तीच हवा आमचा पाऊस आणते. शिवाय विमानाच्या इंधनाकरितां जगांतील विद्वानांची दृष्टि आतां जमिनीखालच्या खनिज तेलावरून जमिनीवरच्या पिकांकडे वळली आहे. जो विषय उद्यां आमच्या बांधावर येऊन उभा राहणार, त्याची ओळख आजच करून घेतलेली बरी. ह्या कामीं निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांनीं ज्या युक्त्या काढल्या, त्यांची हकीकत येथें देत आहों. आणि तिच्यांतून शेतकऱ्यानें काय घ्यावें, तेंही शेवटीं सांगणार आहों.

प्रथम अडचण कोणती तें पाहूं. मोठीं विमानें रॉकेलाच्या जातीच्या इंधनावर चालतात. असें एक किलो इंधन जळलें म्हणजे सुमारे ३.१६ किलो कर्बवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तयार होतो. एका किलोचे तीन किलो कसे झाले, म्हणून कोणी बुचकळ्यांत पडूं नये. वाढलेलें वजन हवेंतून घेतलेल्या प्राणवायूचें असतें. मनुष्याच्या उद्योगांमुळें जो कर्बवायु हवेंत जातो, त्यांत विमानांचा वांटा सुमारे अडीच टक्के धरतात. वांटा लहान दिसतो. परंतु विमानप्रवास वाढत आहे, आणि मोटारीला जो उपाय लागू पडला तो विमानाला पडत नाहीं. मोटार बॅटरीवर धांवूं लागली. मग मोठें विमान कां उडूं नये? कारण वजन. एक किलो विमानी इंधनांत जितकी शक्ति सांठलेली असते, तितकी सांठविण्यास आजच्या चांगल्या बॅटरीचे सुमारे चाळीस किलो लागतात. विजेचें यंत्र शक्ति कमी वायां घालवितें, हें जमेस धरलें तरी तफावत मोठीच राहते. जो बैल स्वतःच्याच वैरणीची गाडी ओढतां ओढतां दमून जाईल, तो माल काय वाहणार?

म्हणून विमानाच्या कामांत दोनच वाटा उरतात. विमान हलकें व काटकसरी करावें, अथवा इंधन बदलावें. दोन्ही वाटांनीं तरुण मंडळी चालत आहेत.

युरोपांतील एअरबस ह्या विमानें बांधणाऱ्या कंपनीनें २००८ सालीं जगांतील विद्यार्थ्यांकरितां ‘फ्लाय युवर आयडियाज’ नांवाची स्पर्धा काढली. ‘आपल्या कल्पनेस पंख द्या’ असा त्या नांवाचा आशय. हिचा पहिला निकाल २००९ सालीं लागला, आणि पहिलें बक्षीस मिळालें तें ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संघास. त्यांची कल्पना ऐकून आमचे वाचक कान टवकारतील. एरंडाच्या झाडापासून नैसर्गिक तंतूंचा एक संमिश्र पदार्थ तयार करावा आणि तो विमानाच्या आंतल्या बाजूच्या भागांसाठीं वापरावा, अशी ती कल्पना होती. ज्या एरंडाला आमच्याकडे मोठ्या वृक्षाच्या अभावीं नाइलाजानें थोरवी मिळते अशी म्हण आहे, त्याला त्या मुलांनीं विमानांत नेऊन बसविलें. एरंड आम्हांस परका नाहीं. त्याच्या तेलापासून नायलॉनच्या जातीचें एक प्लॅस्टिक पुष्कळ वर्षें बनत आलें आहे, आणि जगांत सर्वांत अधिक एरंडी आपल्याच देशांत, त्यांतही मुख्यतः गुजराथेंत, पिकते. तथापि एक गोष्ट येथेंच ध्यानांत ठेवावी. बक्षीस कल्पनेस मिळतें, बाजारभाव मागणीस मिळतो. ह्या दोहोंमधील अंतर कधीं कधीं वर्षानुवर्षांचें असतें.

दुसरें उदाहरण ह्याच स्पर्धेच्या २०१५ सालच्या निकालाचें. नेदरलंड्स देशांत डेल्फ्ट येथें तांत्रिक विद्यापीठ आहे. तेथील पांच विद्यार्थ्यांच्या संघास त्या वर्षीं पहिलें बक्षीस, ३०,००० युरो, मिळालें. हे विद्यार्थी आपल्या देशांतून तिकडे शिकावयास गेलेले होते. विमान उडत असतां त्याचे पंख सारखे थरथरतात व किंचित् वांकतात. कांहीं पदार्थ असे आहेत कीं ते दाबले अगर वांकविले असतां त्यांत वीज उत्पन्न होते. अशा पदार्थाचे बारीक तंतू पंखाच्या कवचांतच विणावे, थरथरीपासून मिळणारी वीज विमानाच्या अंगांतच बसविलेल्या सपाट बॅटऱ्यांत सांठवावी आणि तिच्यावर आंतील दिवे वगैरे चालवावे, अशी त्यांची योजना होती. मोठ्या यंत्रांवरचा तेवढा भार कमी झाला कीं तेवढें इंधन वांचलें.

आमची उमर महसुली दप्तरांत गेली. जमेच्या रकान्याशेजारीं खर्चाचा रकाना कोरा दिसला कीं तो कागद पुढें सरकूं द्यावयाचा नाहीं, ही संवय हाडीं मुरलेली आहे. त्या संवयीनें आम्ही विचारतों कीं त्या तंतूंचें, तारांचें व बॅटऱ्यांचें वजन किती? तें आकाशांत वाहून नेण्यास किती इंधन लागेल? मिळालेल्या विजेंतून हा खर्च वजा जातां शिल्लक राहिली तरच युक्ति खरी. ही शंका आम्ही त्या मुलांस कमीपणा आणण्याकरितां काढीत नाहीं. विमानविद्येंतील प्रत्येक युक्ति ह्याच कसोटीवर घासली जाते. आणि तंतू वेगळे न जोडतां कवचांतच विणावे, ह्या त्यांच्या योजनेंत ह्याच खर्चाची काळजी दिसते.

तिसरें उदाहरण विमानाच्या आकाराचें. युस्टुस बेनाड ह्या तरुणानें बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठांत शिकत असतां, हांबुर्ग येथें एअरबसमध्यें प्रबंधाचें काम करतांना एक नवाच आराखडा मांडला. आज विमान म्हणजे मधोमध लांब नळी व तिला दोन्ही बाजूंस पंख. बेनाडनें नळीच काढून टाकली. दोन रुंद पंख पुढें टोंकाशीं मिळतात, आणि उतारू, सामान व इंधन हीं तिन्ही पंखांतच सामावतात. वरून पाहिलें असतां रोमन लिपींतील ‘व्ही’ अक्षर दिसतें, म्हणून त्याचें नांव ‘फ्लाइंग-व्ही’ पडलें. हवेला घासणारें अंग कमी झाल्यामुळें तितक्याच मोठ्या आजच्या विमानापेक्षां इंधन सुमारे २० टक्के कमी लागेल, असें गणित निघालें. पंखांचा पसारा सुमारे ६५ मीटरच ठेवला आहे, म्हणजे विमानतळावरील जागा पुरते.

पुढें हें काम डेल्फ्टच्या विद्यापीठानें हातीं घेतलें, आणि २०१९ सालीं केएलएम ह्या डच विमान कंपनीनें त्यास साह्य देऊं केलें. परंतु म्हणून कोणी लगेच तीनशें माणसांचें विमान बांधावयास घेतलें काय? नाहीं. प्रथम सुमारे तीन मीटर पंखांची व २२.५ किलो वजनाची प्रतिकृति केली, आणि २०२० सालीं जर्मनींतील एका विमानतळावरून जमिनीवरच्या चालकाकरवीं ती उडविली. ती उडाली, पण उडतांना दोन्ही अंगांस डुलते, असा दोष दिसून आला. हा दोष २२ किलोच्या खेळण्यांत दिसला, हेंच त्या प्रयोगाचें फळ. दोष कोठें आहे हें कळलें, आणि कोणाचें फारसें नुकसान झालें नाहीं.

त्याच डेल्फ्टमध्यें ‘एअरोडेल्फ्ट’ नांवाचा विद्यार्थ्यांचा संघ द्रवरूप हायड्रोजनवर लहान विमान चालविण्याच्या खटपटींत आहे. हायड्रोजन जळून अगर विजेंत रूपांतर पावून कर्बवायु होत नाहीं, पाणी होतें. वजनाच्या मानानें त्यांतील शक्ति विमानी इंधनाच्या जवळजवळ तिप्पट आहे. परंतु येथेंही खर्चाचा रकाना आहेच. हायड्रोजन द्रवरूप ठेवण्यास शून्याखालीं २५३ अंश इतकी थंडी लागते, आणि तितक्याच शक्तीकरितां टांकी सुमारे चौपट मोठी करावी लागते. एअरबसनें २०३५ पर्यंत हायड्रोजनचें विमान काढण्याचा मनसुबा केला होता. तो २०२५ सालीं पुढें ढकलला. विद्यार्थ्यांचें काम त्यामुळें वायां गेलें असें नव्हे. अडचणीचें माप मात्र सर्वांस कळलें.

आतां इंधन बदलण्याच्या त्या वाटेकडे येऊं, जी थेट शेतांतून जाते. मोगली एरंड, म्हणजे जॅट्रोफा, हें नांव आमच्या वाचकांनीं ऐकलें असेलच. २००३ सालीं नियोजन मंडळाच्या अहवालानें ह्या झाडाचा मोठा पुरस्कार केला. पडीक जमिनींत येतें, पाणी नको, गुरें तोंड लावीत नाहींत, आणि बियांच्या तेलावर गाड्या चालतात, असें त्याचें वर्णन होई. अनेक राज्यांत लागवडी झाल्या. २००९ च्या धोरणानें तर २०१७ पर्यंत खनिज डिझेलमध्यें २० टक्के जैवइंधन मिसळण्याचें उद्दिष्ट ठेवलें. झाड पडीक जमिनींत जगतें, हें खरें ठरलें. पण जगणें वेगळें आणि फळणें वेगळें, हें शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको होतें. पाणी व खत नसेल तेथें बी धरेना, आणि जेथें पाणी व खत आहे तेथें दुसरें पीक अधिक पैसा देई. उद्दिष्ट साधलें नाहीं.

ह्याच झाडाच्या तेलापासून डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनें विमानी इंधन तयार केलें, आणि २७ ऑगस्ट २०१८ रोजीं तें मिसळलेल्या इंधनावर स्पाइसजेटचें विमान डेहराडूनहून दिल्लीस सुखरूप आलें. म्हणजे शास्त्र चुकलें नव्हतें. विमान उडालें; बसला तो शेताचा हिशेब. विमानाची प्रतिकृति आधीं २२ किलोची केली जाते. मोगली एरंडाची परीक्षा मात्र एकदम शेतकऱ्याच्या एकरांवर झाली. कार्यशाळेंतील चूक नकाशावर खोडतां येते. शेतांतील चूक तीन वर्षांची जमीन खाते आणि सोसायटीच्या कर्जखात्यांत उरते.

हा विषय जुना झाला, असें मात्र कोणी समजूं नये. १९ मे २०२३ रोजीं पुण्याहून दिल्लीस गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या विमानांत पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनें देशी मालापासून केलेलें इंधन मिसळलें होतें. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनांत असें इंधन २०२७ सालीं १ टक्का, २०२८ सालीं २ टक्के व २०३० सालीं ५ टक्के असावें, असें सरकारनें योजिलें आहे. मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलापासून विमानी इंधन, ही कृति शास्त्रास साध्य झाली आहे. म्हणजे उसाच्या, मक्याच्या, कदाचित् पाचटाच्या व पेंढ्याच्याही दारीं उद्यां नवें गिऱ्हाईक येईल. गिऱ्हाईक येणें वाईट नाहीं. परंतु ऊस किती पाणी पितो हें आम्ही जाणतों, आणि ज्या गांवीं उन्हाळ्यांत टँकरनें पाणी येतें तेथें विमानाकरितां विहीर उपसणें शोभणारें नाहीं. पाचटाचेंही तसेंच. शहरांतील मनुष्य त्यास कचरा म्हणतो; शेतांत कुजलें तर तें खत आहे. तें विकून रासायनिक खत विकत आणावें लागलें, तर शिल्लक काय राहिली?

म्हणून आमची सूचना अशी आहे. इंधनाच्या पिकाचा प्रस्ताव घेऊन कोणीही येवो, त्यास शेतकऱ्यांनीं हांकलून देऊं नये आणि सारें शेतही देऊं नये. आधीं एक गुंठा पेरावा. आमच्याच जमिनींत, आमच्याच पावसांत दोन हंगामांचें उत्पन्न मोजून लिहून ठेवावें. माल कोण, कोणत्या भावानें व किती वर्षें घेणार, हें कागदावर घ्यावें. पाण्याचा व मातीचा खर्च वेगळ्या रकान्यांत मांडावा. हें काम एकट्यादुकट्यापेक्षां गांवच्या सोसायटीनें केलें तर अधिक बरें. कारण प्रयोगांत कांहीं तोटा आलाच, तर तो वांटला जाईल.

आणखी एक गोष्ट. आमच्या पुष्कळ वाचकांचीं मुलें व मुली आज अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत आहेत. डेल्फ्टला जिंकलेले ते पांच जण ह्याच देशांतले. परंतु कोरडवाहू जमिनींत बी कां धरत नाहीं, हें ज्या मुलानें लहानपणापासून डोळ्यांनीं पाहिलें आहे, तो इंधनाच्या कामांत शिरला तर परदेशच्या विद्वानास न सुचणारा प्रश्न त्याला सुचेल. सुटींत घरीं आलेल्या अशा मुलास बापानें शेतावर न्यावें, एकरीं पाणी व एकरीं उत्पन्न ह्यांचे आंकडे त्याच्या वहींत उतरवावयास लावावे, आणि विमानाच्या गणितांत हे आंकडे कोठें बसतात असें त्यासच विचारावें.